फुसाएच्या नावावरचा संडास

जपानमधल्या इनुकी बंदरात तेइजी कुरामोतो म्हटलं की लोकांना आधी फेरीबोट आठवायची. समोरच्या बेटांवर माणसं, संत्र्यांच्या पेट्या आणि शाळेची पोरं ने-आण करणारी ती बोट त्याने उभं आयुष्य चालवली. धुकं असो की उधाण, एकदा सुकाणूवर उभा राहिला की पलीकडचा धक्का लागेपर्यंत तो जागचा हलायचा नाही. हाताखालची माणसं आळीपाळीने मागे जाऊन मोकळी होऊन यायची, तेइजी जायचा नाही. कुरामोतोंच्या पोटात वेगळी टाकी बसवलीय, असं ती आपसात म्हणायची आणि ते कानावर आलं की त्याला मनातून बरं वाटायचं. माणूस कशाकशाचा अभिमान धरील, सांगता येत नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी शिडाची होडी घेतली. चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच. नाव शिरासागी, म्हणजे पांढरा बगळा. तिच्या आतलं लाकडी काम त्याच्या बालमित्राने, इवाओने करून दिलं होतं. इवाओ होड्यांचा सुतार. तोंडाने फटकळ, पण हातात कसब असं की बघत राहावं. डोलकाठीच्या पुढे, नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या चिंचोळ्या जागेत त्याने कापराच्या लाकडाचं एक कपाट बसवलं होतं. होडीच्या पोटाची गोलाई जशी वळते तसंच ते वळलेलं, मध्ये कागद सरकला नसता. कुणी नवखं होडीवर आलं की तेइजी त्याला आधी ते कपाट उघडून वास घ्यायला लावायचा.

संडास मात्र त्या होडीवर नव्हता आणि कुणाला हवाही नव्हता. पुरुष कडेला उभे राहत. बायका यायच्याच नाहीत. तेइजीची बायको फुसाए उन्हाळ्यात बंदरावरची आतषबाजी पाण्यातून बघायला म्हणून वर्षाकाठी एकदा चढायची, तीही नवऱ्याचं मन मोडायला नको म्हणून. तिला समुद्र लागायचा. धक्क्याचा दोर सुटला की हिचा चेहरा कागदासारखा.

एका हिवाळ्यात तेइजीचं ऑपरेशन झालं. प्रोस्टेटची गाठ निघाली होती, आणि चांगली नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, जीवावरचं टळलं. काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, पुढे हळूहळू येईल. महिने गेले, ताबा आला तो अर्धामुर्धाच. गावात हर्निया म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते त्याला आणि फुसाएला ठाऊक, आणि त्या दोघांनीही त्या विषयावर घरात कधी तोंड उघडलं नाही.

वसंत लागल्यावर तो पुन्हा होडीवर गेला. सोबत इवाओ होता आणि दोई होता. दोई हा बंदराच्या नौका-मंडळाचा चिटणीस. मासळीच्या लिलावात ओरडून ओरडून कमावलेला आवाज, गप्प बसणं ठाऊक नाही, पण मनाने वाईट नाही. बेटाच्या टोकाला वळताना ओहोटीची ओढ एकीकडून आणि वारा दुसरीकडून आला आणि होडी उसळ्या मारायला लागली. नेमकी तेव्हाच तेइजीला लागली. तो कडेला गेला. एका हाताने दोर, दुसऱ्या हाताने पँट; होडी कलली तसा त्याचा पाय सुटला आणि अर्धा देह पाण्यावर लोंबकळून तो कसाबसा परत आत आला. पुन्हा उठायची छाती होईना. बसल्या जागी व्हायचं ते झालं. आधी ऊन लागलं, मग गार.

इवाओ शिडाकडे बघत होता. दोई काहीतरी सांगत होता. तेइजीने हळूच बादली उचलली, कडेवरून समुद्रात बुडवली आणि वर घेताना हात निसटल्याचं सोंग करून सगळी मांडीवर ओतून घेतली.

"म्हातारा झालास रे," दोई हसत म्हणाला. "बादलीसुद्धा धरवत नाही."

तेइजीही हसला. धक्क्याला लागेपर्यंत तो हसरा चेहरा त्याने उतरू दिला नाही. घरी आला तेव्हा दात वाजत होते, आणि ते नुसत्या थंडीने वाजत नव्हते.

आठवडाभर तो होडीकडे फिरकला नाही. मग एके दिवशी इवाओच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, होडीवर संडास बसवायचाय. इवाओने रंधा थांबवला. एवढा समुद्र आजूबाजूला असताना तुला संडास कशाला, असं त्याने विचारलं. प्रश्न सरळ होता. आणि तेइजीच्या तोंडून निघून गेलं, "फुसाएला हवाय. ती येईन म्हणते आता होडीवर."

खोटं बोलायचं ठरवून तो गेला नव्हता. पाय घसरला की हात जवळच्या माणसाला धरतो, तसं ते नाव जिभेवर आलं.

शिरासागी पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर चढवली. नवा संडास खोक्यातून निघाला. पांढरंशुभ्र चिनीमातीचं बुटकं भांडं आणि त्याला बगलेत हाताने वरखाली करायचा पंप. तो ठेवायला होडीत जागा एकच होती, कपाटाची. इवाओने मापं घेतली, पुन्हा घेतली, मग करवत काढली. स्वतः बसवलेलं कपाट त्याने स्वतःच्या हाताने कापून काढलं. कापराचा वास सगळ्या आवारात पसरला. तेइजी बाहेर शिडीशी उभा राहून फळ्या घेत होता. त्याला वर बघवत नव्हतं.

दुपारी फुसाए भाताचे गोळे आणि गरम चहा घेऊन आली. संडास बसवतायत एवढंच तिला ठाऊक होतं. कुणाच्या नावावर, ते ठाऊक नव्हतं. इवाओने नाळेतून डोकं बाहेर काढलं, केसांत भुसा.

"घ्या वहिनी, झालं तुमच्या मनासारखं," तो म्हणाला. "बाईमाणसाला समुद्रावरसुद्धा बसायला गादी लागते. माझं कपाट गेलं चुलीत."

फुसाएने नवऱ्याकडे पाहिलं. तेइजी वाकून नळीचं टोक न्याहाळत होता, जणू त्यात काही लिहिलेलं आहे. पळभरच गेलं असेल. मग ती इवाओकडे वळली आणि कमरेत वाकून म्हणाली, "माफ करा. माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला."

तेइजीला हायसं वाटलं. आधी वाटलं ते हायसंच, हे त्याला पुढे कित्येक दिवस विसरता आलं नाही.

काम तीनचार दिवस चाललं. होडीच्या पोटाला, पाण्याच्या रेषेखाली दोन भोकं पाडायची होती, एक समुद्राचं पाणी आत घ्यायला आणि दुसरं घाण बाहेर टाकायला. चांगल्या होडीला आपल्या हाताने भोक पाडायचं म्हणजे दर्यावर्दी माणसाच्या जिवावर येतं. भोकांवर बंद-उघड करायचे पितळी कॉक बसले. नळी सरळ न नेता आधी पाण्याच्या पातळीच्या वर चढवून, तिथे वळसा देऊन मग खाली आणली; नाहीतर समुद्र त्याच वाटेने उलटा आत शिरतो आणि होडी बांधल्या जागी बुडते. प्रत्येक जोडाला दोन-दोन पट्ट्या आवळल्या. दोईने येऊन बजावलं की खायच्या शिंपल्यांच्या, कालवांच्या वाफ्यांपासून लांब गेल्याशिवाय पंप हलवायचा नाही. तेइजीने मान डोलावली. होडी पाण्यात उतरली, एक थेंब आत आला नाही. इवाओचं काम होतं ते.

गाव लहान, त्यामुळे बातमी होडीच्या आधी धक्क्याला लागली. सहकारी दुकानात बायका फुसाएला गाठायच्या. मजा आहे बाई तुमची, नवऱ्याने समुद्रात सिंहासन बसवून दिलं, आमच्यांना कधी सुचणार. फुसाए तांदूळ पिशवीत घालत म्हणायची, हो ना, वय झालं, आता निभत नाही. घरी येऊन तिने हे तेइजीला सांगितलं ते भाज्या निवडता निवडता, हवापाण्याचं सांगावं तसं. काय म्हणालीस मग, त्याने विचारलं. हो म्हटलं मी, ती म्हणाली. तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. त्याच वेळी तोंड उघडलं असतं तर गोष्ट चार भिंतींत मिटली असती. पण आज नको, उद्या बोलू असं करत उन्हाळा आला.

आणि संडास फुसाएचा, तर फुसाए होडीवर नको का? ती यायला लागली. तेइजीने तिला ये म्हटलं नव्हतं. ती आपण होऊन टोपी बांधून धक्क्यावर येऊन उभी राहिली. इवाओ आणि दोई असले म्हणजे हटकून. होडी लहान, नाळेतला पंप हलला की घुर्र-घुर्र आवाज सुकाणूपर्यंत ऐकू यायचा. म्हणून तेइजीची चुळबुळ दिसली की फुसाएच उठायची. मी जरा खाली जाऊन येते, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. थोड्या वेळाने आतून हाक यायची, अहो, पंप अडकलाय, हलत नाहीये. मग तेइजी खाली जायचा. ती संडासाच्या पडद्याच्या अलीकडे पाठ करून उभी राहायची, एका हाताने खांब धरून, दुसऱ्या हाताने तोंड दाबून, कारण नाळेत होडीचे हेलकावे सगळ्यात जास्त आणि तिला तर धक्क्यापासूनच मळमळत असायचं. वर दोई म्हणायचा, वहिनी, चहा जरा बेताने घेत जा. इवाओ हसायचा. फुसाए वर आली की घाम पुसून तीही हसायची.

तेइजीला हे सगळं दिसत होतं. त्याने एकदा घरी म्हणून पाहिलं, तू नाही आलीस तरी चालेल. फुसाए म्हणाली, मग आवाज कुणाचा सांगणार?  होडीत बसून तिचा पांढरा चेहरा बघताना त्याला वाटायचं, आपण समुद्रात उडी घ्यावी. पण लागली की तो तिच्याकडेच बघायचा.

शरदात मंडळाची बेटाला वळसा घालायची शर्यत झाली आणि संध्याकाळी जाळ्यांच्या शेडमध्ये मेजवानी. जाळीवर कालवं तडतडत होती, तांदळाची दारू साके फिरत होती, बायकामाणसं, म्हातारेकोतारे, सगळे जमले होते. दोई दरवर्षी गमतीची बक्षिसं वाटायचा. सगळ्यात शेवटी आलेल्या होडीला गोगलगाय, नांगर हरवणाऱ्याला दगड, असं. त्या वर्षी शेवटचं बक्षीस राखून त्याने फुसाएचं नाव पुकारलं. लाल फीत बांधलेला संडासातल्या कागदाचा गठ्ठा त्याच्या हातात होता.

"वर्षभर सगळ्यात जास्त पंप मारल्याबद्दल," दोई लिलावाच्या आवाजात म्हणाला, "आमच्या पंपराणीला."

शेड हसण्याने दणाणली. फुसाए उठली. तिने पुढे जाऊन दोन्ही हातांनी तो गठ्ठा घेतला, कपाळ खाली नेऊन वाकली आणि म्हणाली, माझ्या म्हातारपणाचा सगळ्यांना त्रास, सांभाळून घेता, उपकार आहेत. पुन्हा हशा. तेइजी तिच्या मागेच बसला होता. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, कान दिसत होते. ते लालभडक झाले होते.

तो कसा उठला ते त्याचं त्याला कळलं नाही.

"ती तो वापरत नाही," तो म्हणाला. आवाज घोगरा आला, म्हणून पुन्हा म्हणाला. "फुसाए तो संडास वापरत नाही. एकदाही वापरला नाही. तो माझा आहे. ऑपरेशन झाल्यापासून मला धरवत नाही. हर्निया नव्हता तो. मी तिच्या नावावर खपवलं."

शेडमध्ये कालवांच्या फुटण्याचा आवाज तेवढा राहिला.  दोई तोंड अर्धवट उघडं ठेवून होता तसा खाली बसला. इवाओ पेल्यात बघत होता. तेइजीला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. धोंडा तसाच राहिला, उलट सगळ्यांसमोर पँट भिजल्यासारखं वाटलं, या खेपेला जवळ बादली नव्हती.

फुसाएच पहिल्यांदा हलली. सगळ्यांना वाकून नमस्कार करत ती म्हणाली, "जेवून घ्या, कालवं गार होतील." मग चपला घालून बाहेर पडली. तेइजी मागोमाग.

चढाच्या रस्त्याने दोघं वर निघाली. अजून थोडा उजेड होता. फुसाए पुढे चालत होती, तो फीत बांधलेला गठ्ठा अजून तिच्या हातात होता. वळणावर ती थांबली.

"तुम्हाला काय वाटलं, मी खूश होईन?"

तेइजी म्हणाला की त्याला तिचे कान बघवले नाहीत.

"माझे कान होते ते. माझं मी बघितलं असतं. वसंतापासून सांभाळलं होतं मी ते, उलट्या गिळून सांभाळलं. आज आणखी एक हसू गिळलं असतं." ती रडत नव्हती, दमून बोलत होती. "खोटं बोलताना मला विचारलं नाहीत. ठीक. खरं बोलतानाही नाही विचारलंत. उद्यापासून दुकानात मला बिचारी म्हणतील, त्यापेक्षा पंपराणी परवडली."

तेइजी रस्त्याकडे बघत उभा राहिला. आपण फार मोठं काहीतरी केलं असं शेडमधून निघताना त्याला क्षणभर वाटलं होतं, त्याचीच आता जास्त लाज वाटली. खोटं तिच्या पाठीवर टाकलं होतं, खरंही तिच्याच पाठीवर टाकून मोकळा झालो. चूक झाली, असं तो पुटपुटला. चूक झाली म्हणायला सोपं असतं, एवढंच बोलून ती चालू लागली.

तसंच झालं. दुकानात बायका आता फुसाएशी हळू आवाजात बोलू लागल्या. एकीने तिच्या पिशवीत न विचारता मुळे घातले. दोई घरासमोरून जाताना मान खाली घालायचा आणि तेइजी समोर आलाच तर हवेबद्दल इतकं बोलायचा की दोघांनाही दम लागायचा. तेइजीने बंदरावर जाणं सोडलं.

इवाओ आला तो बऱ्याच दिवसांनी. दारात चपला काढायच्या पायरीवर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. तेइजीकडे त्याने पाहिलं नाही. फुसाए आली तेव्हा तो आडदांड माणूस गुडघ्यांवर बसला.

"वहिनी, कपाट कापताना मी बोललो ते विसरता आलं तर विसरा."

फुसाए म्हणाली, लाकूडच तेवढं चांगलं होतं, कुणालाही राग आला असता. इवाओ उठला. निघताना मात्र त्याने तेइजीकडे पाहिलं. "तुझ्यासाठी मागितलं असतंस तर मी कपाटच काय, अख्खी होडी कापली असती," तो म्हणाला. "माझ्यासमोर बादली ओतून घेतलीस तू. मला काय वास येत नाही?"

म्हणजे त्याला त्या दिवशीच कळलं होतं. कळूनही संडास फुसाएचा हे त्याने मानलं, कारण तेइजी म्हणाला होता. तेइजी दार लावून आत आला आणि कितीतरी वेळ दिवा न लावता बसला.

होडी तशीच धक्क्याला होती. वारा बरा झाला तसे दोघं पुन्हा जाऊ लागले, तेइजी आणि इवाओ. पूर्वीसारखी बडबड नव्हती. तेइजीला लागली की तो मी खाली जातो म्हणायचा आणि जायचा. घुर्र-घुर्र आवाज इवाओला ऐकू जायचा, इवाओ दुसरीकडे बघायचा, आणि वर येताना तेइजीचा चेहरा दर वेळी तापलेला असायचा. लाज सवयीने बोथट होते म्हणतात. त्याची फारशी झाली नाही. फुसाए होडीवर पुन्हा चढली नाही. आपल्याला समुद्र कधीच आवडला नव्हता, हे तिने आता पहिल्यांदाच मोकळेपणी सांगितलं.

एके सकाळी दोर शोधायला म्हणून तेइजी घराच्या मागच्या खोलीत शिरला. पडदा ओढलेला होता आणि बांबूच्या दांडीवर त्याच्या आतल्या कपड्यांची रांग वाळत होती. ऑपरेशन झाल्यापासून रोज खणात धुतलेले, घडी घातलेले कपडे असायचे. ते तिथे येतात कुठून, हे त्याने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. तो त्या रांगेसमोर उभा राहिला. शेडमध्ये उभं राहताना वाटली नव्हती इतकी लाज त्याला तिथे एकट्याला वाटली.

दुसऱ्या दिवशी फुसाएच्या आधी उठून त्याने ते स्वतः धुतले. साबण इतका वापरला की न्हाणीघरात फेसच फेस. आता लपवायचं काही नाही अशा हिशोबाने त्याने ते रस्त्याच्या बाजूच्या दांडीवर नेऊन टाकले. फुसाए बाहेर आली, तिने पाहिलं आणि एकेक करून सगळे काढून त्याच्या हातात दिले.

"इथे नको. समोरच्यांच्या सुनेला सकाळी खिडकी उघडायची असते."

तेइजी ओले कपडे छातीशी धरून उभा राहिला. अंगरखा भिजत होता.

"मग कुठे घालू?"

फुसाएने मागच्या खोलीकडे बोट केलं.

"होते तिथेच, मागे," ती म्हणाली. "आणि आधी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायचे. नुसत्या साबणाने वास जात नाही."

तो स्वयंपाकघरात गेला. इतक्या वर्षांच्या घरात व्हिनेगर कुठे असतं ते त्याला माहीत नव्हतं. तेही त्याने विचारलं.